पाठ झालेलं काळीज

"श्वास घ्या. सोडा. आता थांबा."

भोंग्याचा रेकॉर्ड केलेला आवाज एमआरआयच्या मशीनमध्ये घुमला आणि काचेपलीकडे, बोगद्याच्या तोंडाशी दिसणारी बाबांची पावलं ताठ झाली. अलीकडे उभ्या असलेल्या तिनंही श्वास धरला. पडद्यावरची हिरवी रेघ सावकाश सरकत होती. ती निम्म्यावर आली न आली तोच पावलं हलली, अंगठे आत वळले आणि स्पीकरमधून खोकल्याची उबळ ऐकू आली.

"गेलं," भोंगा म्हणाला.

चित्र उमटलं. ओल्या शाईवरून कुणीतरी बोट फिरवावं तसं. हृदयाची भिंत कुठे सुरू होते, कुठे संपते, काही पत्ता नाही. एकीवर एक चढलेल्या नुसत्या पुसट कडा.

भोंगा म्हणजे हे मशीन चालवणारा टेक्निशियन. कॅन्टीनमध्ये बोलला तर जिन्यात ऐकू यावं असा त्याचा आवाज, म्हणून प्रयोगशाळेनं त्याला हे नाव ठेवलेलं. रुग्णांना श्वासाच्या सूचना द्यायलाही मग त्याचाच आवाज रेकॉर्ड केलेला. त्याला त्या नावाचा कधी राग आला नाही. आज मात्र तो सकाळपासून कुजबुजत होता, आणि तेच तिला सोसत नव्हतं.

"पुन्हा घे."

"मॅडम, दमलेत ते."

"घे म्हटलं ना!"

त्यानं घेतलं. पुन्हा तेच. यावेळी तर रेघ पाव वाटही चालली नाही.

तिनं कपाळ काचेला टेकवलं. काच गार होती. सकाळी कॉरिडॉरमध्ये सर्जननी तिला बाजूला घेऊन जे सांगितलं होतं, त्यातला शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता. हार्ट अटॅकच्या झटक्यात बाबांच्या हृदयाच्या पुढच्या भिंतीचं रक्त तुटलं होतं. "भिंत नुसती झोपलेली असेल, तर रक्त पोचवलं की उठेल. मी बायपास करतो. पण मेलेली असेल, तर उघडून मी काय करू? टेबलावरून परत येणार नाहीत ते. मला तेवढंच सांगा. झोपलीय, की मेलीय?" आणि मग थोडं थांबून, "तुमचाच विषय आहे हा."

विषय तिचाच होता. शिरेतून डाय टोचायचा. जिवंत स्नायू तो धुऊन टाकतो, चित्रात काळा दिसतो. मेलेला स्नायू स्पंजासारखा तो धरून बसतो, पांढराफटक दिसतो. काळं म्हणजे आहे, पांढरं म्हणजे गेलं. शाळकरी पोराला कळेल इतकं सोपं. पण मशीन हे चित्र ठोक्याठोक्यानं, तुकड्यातुकड्यानं गोळा करतं. मधे छाती हलली की सगळं फिसकटतं. बाबांना तर आता श्वास धरवत नव्हता. डायही एकदाच मिळणार होता, कारण त्यांच्या किडन्या थकल्या होत्या, आणि तो एकदाचा डाय आता हळूहळू उतरत चालला होता.

भोंग्यानं खुर्ची तिच्याकडे वळवली. "तुमच्या पद्धतीनं घ्यायचं का?"

हे तो बोलेल याची तिला मघापासून धास्ती होती, आणि आशाही.

"परवानगी नाही त्याला. अजून कुणाच्या उपचाराला वापरलेलं नाही."

"घ्यायला कुठे बंदी आहे? दाखवायचं की नाही ते मग बघू."

ज्यांना श्वास धरता येत नाही त्यांच्यासाठी तिनं उमेदीची सगळी वर्षं घातली होती. लग्नानंतरची, बाळंतपणानंतरची, लेक मांडीवर झोपलेली असताना एका हातानं टाइप केलेली. माणसानं हवा तसा श्वास घ्यावा, मशीननं हाताला लागतील तेवढे तुकडे गोळा करावेत आणि उरलेलं तिच्या प्रोग्रॅमनं भरून काढावं. त्यानं आधी पाहिलेल्या हृदयांवरून त्याला अंदाज येई. गोधडीला ठिगळ लावताना हात जसा आपोआप जुळता कपडा शोधतो, तसं.

"घे," ती म्हणाली.

भोंग्यानं माइक दाबला. "बाबा, आता काही करायचं नाही. नुसतं पडून राहा. घोरलात तरी चालेल."

"घोरायला झोप लागायला हवी ना," आतून आवाज आला. "तुमची ही ठकठक म्हणजे पत्र्याच्या कारखान्यात बिछाना घातल्यासारखं आहे."

भोंगा हसला. तिला हसू आलं नाही.

मशीन थांबलं, प्रोग्रॅम चालू झाला. आता नुसती वाट बघायची. तिनं नख दातात धरलं.

पहिल्यांदा बाबाच या बोगद्यात झोपले होते. तेव्हा प्रयोगाला धडधाकट माणसं हवी होती आणि कुणीच तयार होईना. बाबा आले. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, मुलगी बघायला निघाल्यासारखे. जन्मभर त्यांनी काच फुंकली होती. कॉलेजांना, कारखान्यांना लागणारे चंबू, नळ्या, वेटोळ्यांची उपकरणं. "श्वास धरायचा? मला सांगताय?" म्हणून आत गेले आणि असा धरला, की घाबरून भोंग्यालाच ओरडायची वेळ आली, घ्या आता, घ्या! मग ती रीतच पडली. कुणी ऐनवेळी यायचं रद्द केलं की ती घरी फोन करायची, बाबा हजर. त्यांच्या हृदयाचं पहिलं चित्र आईनं हौसेनं फ्रेम करून घेतलं आणि दिवाणखान्यात त्यांच्या काचेच्या हंसाशेजारी ठेवलं. "तुमच्या बाबांचं काळीज मशीनला तोंडपाठ झालंय," भोंगा तेव्हा म्हणायचा.

पडद्यावर चित्र उलगडलं.

स्वच्छ. कडा चाकूनं कापल्यासारख्या. पुढची भिंत पूर्ण काळी. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीभोर, जिवंत.

"आई शप्पथ!" भोंग्याला त्याचा आवाज परत मिळाला.

तिनं दोन्ही तळहातांनी तोंड झाकलं. मग हुंदका आला, मग हसू, आणि काय करावं ते न सुचून तिनं भोंग्याच्या पाठीत एक धपाटा घातला. सर्जनचा नंबर भोंग्यानंच लावून दिला.

सर्जन वर आले. दोन ऑपरेशनांच्या मधे आल्यासारखे, हिरव्या कपड्यांतच. बराच वेळ पडद्यापुढे वाकून उभे राहिले.

"हे नेहमीच्या पद्धतीचं नाही."

"नाही, सर. माझ्या."

"मला यातलं फार कळत नाही. तुम्हाला कळतं." त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "खात्री देता?"

"देते."

"मग उद्या सकाळी पहिलं यांचंच घेतो."

ते गेले. दार पुरतं लागायच्या आत आई आत आली, खांद्याला पिशवी, हातात पाण्याची बाटली. बाहेर बसून बसून तिच्या साडीला बाकाच्या पट्ट्या उमटल्या होत्या.

"डॉक्टर हसले माझ्याकडे बघून. हसले म्हणजे बरं ना? आणि हा माणूस अजून आतच? घरी कधी दुपारी पाठ टेकत नाही, इथे फुकटचा गारवा मिळाला तर उठायचं नाव नाही."

"आई, उद्या ऑपरेशन. भिंत जिवंत आहे."

आईनं बाटली खाली ठेवली. पिशवीही ठेवली. पदरानं आधी डोळे पुसले आणि मग, सवयीनं, पडद्याची कड पुसली. नातीचा फोटो बघावा तशी मान तिरकी करून चित्र बघत राहिली.

"बाई गं! जसं होतं तसंच आहे की. काही झालंच नाही जणू." ती एकदम घाईत आली. "मावशीला कळवते. उगाच देव पाण्यात घालून बसलीय बिचारी."

जाता जाता माइकवर बाबांनाही, उद्याचं ठरलं, काळीज जसं होतं तसंच आहे, असं सांगून आई बाहेर गेली, आणि लेकीचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. कुणी काढून घ्यायचं विसरल्यासारखं.

जसं होतं तसंच.

ती खुर्चीत बसली. फिसकटलेलं चित्र काढून नव्या चित्राशेजारी ठेवलं. फिसकटलेल्यात काही नीट दिसत नव्हतं, तरी एवढं दिसत होतं, की हृदय फुगलंय. थकलेल्या माणसाची बंडी सैल व्हावी तसं ऐसपैस झालंय. नव्या चित्रातली बाकीची भिंत तशीच होती, ताणलेली. फक्त पुढचा भाग आटोपशीर, तरणाताठा. आणि त्याच्या आतल्या कडेला एक बारीकशी खाच. ती खाच तिला ठाऊक होती. दिवाणखान्यातल्या फ्रेममधलीच होती ती.

"काय झालं?" भोंग्यानं विचारलं.

आज गोळा केलेल्या तुकड्यांतून पुढच्या भिंतीचे सगळे तुकडे तिनं काढून टाकले. तिथे नुसती मोकळी जागा ठेवली आणि प्रोग्रॅमला सांगितलं, कर पुरं.

त्यानं पुरं केलं. काळीभोर भिंत. आटोपशीर. कडेला खाच.

तिनं त्याला काहीच दिलं नव्हतं.

भोंग्याचं तोंड उघडं राहिलं. मग त्याच्या लक्षात आलं. "तोंडपाठ," तो म्हणाला, इतक्या हळू, की जेमतेम ऐकू यावं.

एवढ्या वेळा बाबा इथे झोपले होते, की दुसरं कुठलंही हृदय प्रोग्रॅमनं त्यांच्याइतकं पाहिलं नव्हतं. ज्या माणसावर शिकवलं त्याच्यावरच पारखायचं नाही, हे ती दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून सांगायची. पण बाबा कधी रुग्ण म्हणून येतील हे कुणाच्या ध्यानीमनी असणार? आज प्रोग्रॅमनं बाबांच्या बरगड्या ओळखल्या, बाकीची भिंत ओळखली आणि जिथे दिसेना तिथे आठवणीतलं काळीज बसवून दिलं.

तिनं फोन उचलला. पालथा ठेवला. पुन्हा उचलला.

काचेपलीकडे बाबांच्या एका पायातला मोजा घसरला होता. चित्र चुकीचं होतं म्हणजे भिंत मेलीच होती असंही नव्हतं. कुणी विचारणार नव्हतं. सर्जननी शब्द घेतला होता, आई फोनवर मोठमोठ्यानं मावशीशी बोलत होती. ऑपरेशन नाही झालं तर बाबा असेच, उशीला टेकून बसल्या बसल्या धाप टाकत, दिवसादिवसानं जाणार. झालं तर निदान एक दार तरी. आणि त्या दारातून ते परत आले नाहीत, तर सगळे म्हणतील, हृदयच दुबळं होतं, कुणाचा इलाज नव्हता. तिनं पालथा फोन टेबलाच्या कडेपर्यंत सरकवला, तिथून परत आणला. टेबलावर नसलेली धूळ पुसली.

ती शाळेत असताना बाबांनी एका कॉलेजसाठी मोठं वेटोळ्यांचं उपकरण केलं होतं. दिवसभर खपून. इतकं देखणं, की शेजारची माणसं बघायला आली. संध्याकाळी त्यांनी ते खिडकीशी नेलं आणि दोन काळपट काचांच्या मधे धरलं. तसं धरलं की काचेत कुठे ताण राहिला असेल तिथे रंग दिसतात. एका सांध्यापाशी मोरपंखी रंग उमटला, नखाएवढा. बाबांनी ते ओट्याच्या कडेवर आपटलं. आई केवढी ओरडली होती! वेड लागलंय का, कुणाला दिसणार होतं ते? "मला दिसलं ना," एवढंच बोलून ते काचा गोळा करायला बसले होते.

"डाय आहे अजून?" तिनं विचारलं.

भोंग्यानं घड्याळाकडे पाहिलं. "उतरत आलाय. एखादं चित्र येईल, फार तर. तेही श्वास धरला तर."

"तुझं रेकॉर्डिंग बंद ठेव."

तिनं कानातलं काढलं, घड्याळ काढलं, केसांतली पिन काढली. फोन टेबलावर ठेवला आणि जड दार ढकलून आत गेली.

आत गारठा होता. तिनं आधी बाबांचा मोजा वर ओढला.

"झालं ना?" बोगद्यातून आवाज आला. "तुझी आई आत्ता बोलत होती त्या स्पीकरवर. उद्याचं ठरलं म्हणे."

"एकच राहिलंय, बाबा. श्वास धरायचं."

"नाही गं धरवत. त्यात तो तुझा भोंगा कानात ओरडतो, मी दचकून श्वास घेतो."

"त्याला गप्प बसवलाय. मी पाय दाबीन. दाबला की सोडायचा आणि थांबायचं. हात काढला की घ्यायचा."

बाबांनी पावलं जुळवली.

"काच तापलीय म्हण की."

"तापलीय."

"मग बोलू नकोस."

लहानपणी शेगडीशी ती बसायची तेव्हा बाबा एक बोट वर करायचे. काच लाल होऊन वळायच्या बेतात आली की. मग तिनं हलायचं नाही, शिंकायचं नाही, नाकातूनसुद्धा जोरात श्वास सोडायचा नाही. तिनं काचेकडे बघून बोट वर केलं. पलीकडे भोंग्यानं मान हलवली. तिनं बाबांचं पाऊल दाबलं.

मशीन ठोकू लागलं. पाऊल तिच्या तळव्यात निश्चल झालं. मग अंगठा थरथरला, मग सगळी बोटं, मग मोज्याखाली घोटा ताठरला. ठोके चालूच होते. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा तिला कळलं, की आपणही श्वास धरलाय. सोड, सोड आता, असं कुणाला म्हणत होती कोण जाणे. मशीन एकदम गप्प झालं. तिनं हात काढला.

बोगद्यातून आलेला तो श्वास कपडा फाडल्यासारखा होता. मग दुसरा. मग, धापांच्या मधून, "तडकली नाही ना?"

"नाही, बाबा. छान धरलात."

ती बाहेर आली तेव्हा भोंगा खुर्चीतून उठून उभा होता. त्यानं पडद्याकडे पाहायचं सोडून दिलं होतं.

इतकं स्वच्छ चित्र या मशीनवर तिनं क्वचितच पाहिलं होतं. पुढची भिंत आतून बाहेरपर्यंत पांढरी होती. अगदी बाहेरच्या कडेला काळा दोरा राहिला होता, शिवणीच्या धाग्याएवढा. खाच कुठेच नव्हती. खाच पडायला तिथे काही उरलं नव्हतं.

फोनवर सर्जननी सगळं ऐकून घेतलं. मघाचं चित्र प्रोग्रॅमनं भरलेलं होतं, सर. खात्री द्यायला नको होती मी. नवं पाठवलंय, ते नेहमीच्या पद्धतीचं आहे, ते खरं आहे. पलीकडे माउसची टिकटिक झाली.

"बघतोय," ते शेवटी म्हणाले. मग, "यादीतून नाव काढतो. औषधांवर ठेवू. जेवढं होईल तेवढं." आणि फोन ठेवता ठेवता, "मी उघडलं असतं हो."

"माहीत आहे, सर."

बाबांना बाहेर आणलं होतं. ते ट्रॉलीच्या कडेला पाय सोडून बसले होते आणि शर्टाची बटणं लावत होते, एकेकाशी झटापट करत. ती शेजारी बसली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिचा हात मात्र पाहिला. तो त्यांच्या पावलावर नव्हता आता, गुडघ्यावर होता, पण तसाच घट्ट.

"रंग दिसला का?" त्यांनी विचारलं.

तिनं मान हलवली.

"मोठा?"

"मोठा आहे, बाबा."

ते पुढचं बटण शोधू लागले. "आणि मघाचं? तुझी आई म्हणत होती ते?"

"ते तुमचं जुनं होतं. माझ्या प्रोग्रॅमनं तुम्हाला पाठ करून ठेवलंय. आता काढावं लागेल तुम्हाला त्यातून. सगळ्या वेळचं."

"सगळं?"

"सगळं."

बाबा हसले. हसताना धाप लागली म्हणून थांबले, आणि मग उरलेलं हसले. "काढ, काढ. माझं काळीज उगाच लोकांना चिकटवत सुटशील." मग, थोड्या वेळानं, "ते फ्रेममधलं तेवढं राहू दे. ती पुसते रोज."

दार उघडून आई आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन, चेहरा उजळलेला. "मावशी उद्या पहाटेच निघते म्हणाली. किती वाजता घेणार गं यांना?"

तिनं तोंड उघडलं.

"उद्या नाही," बाबा म्हणाले. "उद्या घरी जायचं."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग लेकीकडे. मग पिशवी हळूच ट्रॉलीवर ठेवून ती त्यांच्यासमोर वाकली. बटणं एकेक घर चुकून लागली होती. "साधं शर्टाचं बटण लावता येत नाही," ती पुटपुटली, आणि सगळी पुन्हा सोडवली. वरून पहिलं लावलं. दुसरं लावलं. तिसऱ्यापाशी तिचा हात थांबला आणि पालथा त्यांच्या छातीवर टेकला. नुकत्याच झोपलेल्या बाळावर ठेवलेला हात आई उचलत नाही, कितीही अवघडला तरी, तसा तो तिथेच राहिला.